डावा कोपरा कुणाचा? अडतीच्या पट्टीपासून वेबसाइटच्या लोगोपर्यंत

मागच्या काही लेखांत आपण विषय निवडणं, सिनॉप्सिस, संदर्भ कसे टिपायचे वगैरे बघितलं. आज माझ्याच प्रबंधातला एक तुकडा तुमच्यासमोर ठेवते, कारण त्यात मी एक सणसणीत चूक केली होती. ती कशी झाली आणि कुणी पकडली, हे तुम्ही पेट देण्याआधी ऐकलेलं बरं.

माझा विषय नांदेड आणि लातूरच्या व्यापारी चिन्हांचा इतिहास. चिन्ह म्हणजे काय, तर गोणीवरचा मार्का, बिलबुकावरचा छाप, दुकानाची पाटी आणि अगदी अलीकडे वेबसाइटवरचा लोगो. पहिल्यांदा विषय सांगितला तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "लोगो हा काय इतिहास आहे का? तो तर डिझाइनवाल्यांचा धंदा." मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आज देते.

लातूरच्या मार्केट यार्डात जा आणि कुठल्याही जुन्या अडत दुकानाची हिशेब पट्टी हातात घ्या. शेतकऱ्याची तूर किंवा सोयाबीन विकली की हमाली, तोलाई वजा करून जो कागद त्याला मिळतो, ती पट्टी. तिच्या माथ्यावर बरोबर मधोमध काय असतं? दुकानाचं नाव? नाही. तिथं ॥ श्री ॥ असतं, किंवा 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न'. सिद्धेश्वर हे लातूरचं ग्रामदैवत. त्याखाली जाड अक्षरात पेढीचं नाव, त्याखाली 'भुसार व आडत व्यापारी' किंवा 'जनरल मर्चंट अँड कमिशन एजंट', आणि फोन नंबर कोपऱ्यात. म्हणजे पानावरची सगळ्यात मानाची जागा मालकानं स्वतःच्या नावाला ठेवलेलीच नाही.

आता त्याच घरातल्या पुढच्या पिढीनं काढलेल्या डाळ मिलची वेबसाइट उघडा. डावीकडे वरच्या कोपऱ्यात लोगो. उजवीकडे 'होम, अबाउट अस, प्रॉडक्ट्स, काँटॅक्ट'. श्री गेला. कधी तो तळाशी सापडतो, कधी 'आमचे प्रेरणास्थान' म्हणून आजोबांच्या फोटोशेजारी, बहुतेक वेळा कुठंच नाही. चाळीस-पन्नास वर्षांत एका कागदाच्या माथ्यावरचा मालक बदलला. हा इतिहास नाही तर काय आहे?

थोडं मागं जाऊ. आपण सहज म्हणतो, 'निर्णयावर शिक्कामोर्तब झालं'. हा शब्द नीट फोडून बघा. मराठेशाहीच्या कागदात शिक्का म्हणजे मुख्य मुद्रा, ती कागदाच्या वरच्या भागात. आणि मोर्तब म्हणजे मजकूर संपल्याची खूण, ती शेवटी. मोर्तबेच्या खाली कुणी नंतर दोन ओळी घुसडू नयेत म्हणून. दोन खुणा, दोन जागा, दोन वेगळी कामं. वरची सांगते कुणाच्या हुकमानं, खालची सांगते इथपर्यंतच. चिन्ह कुठं उमटतं यावर त्याचा अर्थ ठरतो ही समज आपल्याकडे छापखाना यायच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि आजही आपण ती बोलण्यात वापरतो.

मराठवाड्याचा मामला आणखी गुंतागुंतीचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात. सरकारी कारभार उर्दूत, म्हणजे पान उजवीकडून सुरू. मराठी हिशेब मोडीत किंवा बाळबोधीत, डावीकडून. व्यापारी दोन्ही दिशांनी वाचलेल्या कागदांवर सह्या करायचा. जुन्या नांदेडात आजही काही पाट्यांवर मराठीसोबत उर्दू दिसतं, तेव्हा क्षणभर थांबून बघा: दोन ओळींची सुरुवात दोन विरुद्ध टोकांना असते. अशा पाटीवर 'पहिली जागा' कुठली? डावीही नाही, उजवीही नाही. दोघांना चालेल अशी एकच जागा उरते, ती मधली.

याचा सगळ्यात देखणा पुरावा तुमच्या आजीच्या डब्यात असू शकतो. निजामाचं नाणं. हैदराबादच्या नाण्यांवर चारमिनार आहे, आणि चारमिनारच्या कमानीत एक अक्षर. महबूब अली खान यांच्या काळातल्या नाण्यावर ते 'मीम' आहे, महबूबचं पहिलं अक्षर. १९११ मध्ये उस्मान अली खान गादीवर आले आणि कमानीत 'ऐन' आला, उस्मानचं पहिलं अक्षर. इमारत तीच, जागा तीच, बदललं फक्त अक्षर. आज कंपन्या ज्याला 'लोगो रिफ्रेश' म्हणून लाखो रुपये मोजतात, ते टांकसाळीनं एका अक्षरात केलं होतं. राज्य तेच, राजा नवा. आणि अक्षर मधोमध असल्यामुळं तुम्ही कुठल्या दिशेनं वाचता याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं.

नांदेडची उस्मानशाही मिल याच नावाची. निजामाच्या काळात उभी राहिली, पुढं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, आणि नाव नांदेड टेक्सटाईल मिल झालं. पण जुन्या माणसाला पत्ता विचारा, तो 'उस्मानशाही मिलजवळ' असंच सांगेल. कागदावरचं नाव सरकार बदलू शकतं, तोंडातलं नाही. (मुलाखती घ्यायला जाल तेव्हा जुनं नाव माहीत करून जा. नव्या नावानं विचारलंत की लोक तुम्हाला सरकारी माणूस समजतात आणि गप्प बसतात. हा माझा अनुभव.)

कापडाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा होता, खोट्या छापाविरुद्ध. कापडाच्या ताग्यावर लांबी छापण्याची सक्तीही त्यातच. व्यापारचिन्हांची रीतसर नोंदणी मात्र १९४० च्या ट्रेड मार्क्स कायद्यानं आली. पुढं १९५८ चा कायदा, आणि आज लागू असलेला १९९९ चा, जो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. यातले ब्रिटिश काळातले कायदे निजामाच्या हद्दीत आपोआप लागू नव्हते. म्हणून मुंबईच्या छापांवर लिहिलेलं पुस्तक वाचून नांदेडबद्दल विधान ठोकू नका. अनेक जण ठोकतात.

बरं, मग वेबसाइटवर लोगो डावीकडे वर का गेला? मला आधी वाटायचं कुणीतरी विद्वानानं ठरवलं असेल. तसं नाही. सुरुवातीच्या वेबपानात चित्र टाकलं आणि काहीच सांगितलं नाही तर ते डावीकडेच बसायचं. खिडकी लहान केली की उजवी बाजू कापली जायची, खालचा भाग दिसेनासा व्हायचा. डावा वरचा कोपरा मात्र प्रत्येकाच्या पडद्यावर हमखास दिसायचा. तेव्हा नाव तिथं ठेवणं शहाणपणाचं होतं. मग लोगोवर टिचकी मारली की मुखपृष्ठावर जायचं, ही सवय रूढ झाली, आणि सवय एकदा लागली की तीच नियम होते. याहूची सुरुवातीची पानं बघा, लोगो मधोमध. गूगलचं शोधपान आजही तसंच. म्हणजे डावा कोपरा अटळ नव्हता.

संशोधन नंतर आलं. २००६ मध्ये याकोब निल्सन यांच्या संस्थेनं २३२ जणांच्या नजरेचा माग काढून सांगितलं की लोक वेबपान इंग्रजी 'एफ' अक्षरासारखं वाचतात: वर आडवं, थोडं खाली पुन्हा आडवं, मग डाव्या कडेनं सरळ खाली. त्याच संस्थेनं २०१६ मध्ये मांडलं की उजवीकडच्या लोगोपेक्षा डावीकडचा लोगो लक्षात राहण्याची शक्यता ८९ टक्क्यांनी जास्त. हा आकडा मार्केटिंगच्या प्रत्येक सादरीकरणात येतो. तुम्ही वापरणार असाल तर सोबत एक वाक्य जरूर लिहा: हा निष्कर्ष डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्यांचा आहे. उर्दू किंवा अरबी संकेतस्थळ उघडा, लोगो उजव्या कोपऱ्यात असतो आणि सगळं पान आरशातल्यासारखं उलटं. ८९ टक्के हा माणसाच्या मेंदूचा नियम नाही, लिपीचा आणि सवयीचा आहे. निजामाच्या राज्यात वेबसाइट असती तर? असा प्रश्न प्रबंधात लिहायचा नसतो, पण डोक्यात ठेवायला हरकत नाही.

आता माझी चूक.

लातूर भागातल्या एका डाळ मिलची (नाव मुद्दाम देत नाही) जुनी वेबसाइट मी वेबॅक मशीनवर शोधली. हे इंटरनेट अर्काइव्हचं साधन. संस्था १९९६ ची, आणि हे दालन सगळ्यांसाठी २००१ मध्ये खुलं झालं. तिथं २००४ चं पान सापडलं. गोणीवर या मिलचा मार्का बैलजोडीचा होता हे मला माहीत होतं, पण २००४ च्या पानावर डाव्या कोपऱ्यात बैल नव्हता. हिरव्या वर्तुळात दोन इंग्रजी अक्षरं होती. मी उड्याच मारल्या. माझा मुद्दा तयार: 'वेबवर येताच लातूरच्या व्यापाऱ्यानं बैल सोडला आणि इंग्रजी अक्षरं धरली.' प्रगती अहवालात अख्खं प्रकरण त्यावर बांधलं, स्लाइडवर पान मोठं करून दाखवलं, वर '२००४' असं लाल अक्षरात.

समितीतल्या एका मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "त्या लोगोखाली बारीक अक्षरात काय आहे?" मी झूम केलं. 'आयएसओ २२०००:२००५'. खोलीत शांतता. अन्नसुरक्षेचं हे मानक निघालंच २००५ मध्ये. २००४ च्या पानावर ते येईल कसं?

झालं असं होतं. वेबॅक मशीन पानाचा मजकूर एका दिवशी साठवतं, त्यातली चित्रं वेगवेगळ्या दिवशी. जुनं चित्र त्याच्याकडे नसेल तर त्याच नावाच्या फाइलची जवळच्या तारखेची प्रत दाखवतं. मिलवाल्यांनी नवा लोगो जुन्याच फाइलच्या नावानं चढवला होता. त्यामुळं २००४ च्या मजकुरावर २००९ चा लोगो. माझ्या डोळ्यांसमोर जे पान होतं, ते तसं कधी अस्तित्वातच नव्हतं. मी एका न झालेल्या घटनेवर प्रकरण लिहिलं होतं.

हे टाळायचं कसं, ते सांगते. वेबॅकच्या पत्त्यात चौदा आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. पानाचे चौदा आकडे टिपलेत म्हणजे काम झालं नाही. लोगोवर उजवी टिचकी मारून चित्र वेगळ्या टॅबमध्ये उघडा. त्याचे स्वतःचे चौदा आकडे दिसतील. दोन्ही टिपा. पानावर 'या प्रतीबद्दल' अशा अर्थाची खिडकीही असते, तिथं प्रत्येक घटक पानापेक्षा किती दिवस, महिने, वर्षं पुढंमागं आहे याची यादी मिळते. मोडी कागदावर वेगळ्या शाईत लिहिलेली ओळ दिसली की आपण लगेच सावध होतो ना? इथं शाई सारखीच दिसते, एवढाच फरक.

मग लोगो खरा कधी बदलला? त्यासाठी ट्रेड मार्क्स रजिस्ट्रीचा सार्वजनिक शोध वापरा. अर्जात 'वापर कधीपासून' असा रकाना असतो. सोन्यासारखी माहिती, पण सोनं घासून बघावं लागतं. ती तारीख अर्जदारानं स्वतः सांगितलेली असते, आणि भांडण झालं तर जुन्या वापराचा त्याला फायदा असतो. त्यामुळं वाढवून सांगण्याचा मोह असतोच. शिवाय लहान दुकानदार तिथं सापडतच नाही. एका वर्गातल्या ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला आणि लघुउद्योगाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. आठवडी बाजारात मिरची विकणारा कशाला भरेल? रजिस्ट्रीवर विसंबून इतिहास लिहिलात तर तो ऐपतवाल्यांचा इतिहास होईल.

या सगळ्यात मला सापडलेली, आणि मला वाटतं माझ्या प्रबंधाचा कणा ठरेल अशी गोष्ट वेगळीच आहे. जुन्या पानांवर मराठी कुठं होती? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण सामान्य संगणकावर ती नीट दिसायला विंडोज २००० आणि एक्सपीची वाट पाहावी लागली. तोवर प्रत्येक फाँटची कोष्टकं वेगळी. तो फाँट तुमच्याकडे नसेल तर 'लातूर'च्या जागी विचित्र चिन्हांचा कचरा. म्हणून वेबसाइट बनवणारी पोरं मजकूर इंग्रजीत लिहायची, आणि मालकानं फारच आग्रह धरला तर मराठी नाव चित्र करून टाकायची. ते चित्र म्हणजेच लोगो. म्हणजे कितीतरी पानांवर मराठी फक्त एकाच जागी होती, डाव्या कोपऱ्यातल्या त्या चित्रात. आणि वेबॅकमध्ये सगळ्यात जास्त काय हरवतं? चित्रं! मजकूर राहतो, चित्राच्या जागी रिकामी चौकट उरते, आणि चौकटीत लिहिलेलं असतं 'लोगो'. उद्या कुणी संशोधक ही पानं बघून लिहील की मराठवाड्यातल्या व्यापाऱ्यांनी वेबवर मराठी वापरलीच नाही. ते खोटं ठरेल, पण खोडून काढायला पुरावा उरलेला नसेल. शोधयंत्रातही हे सापडत नाही, कारण चित्रातली अक्षरं त्याला अक्षरं म्हणून दिसतच नव्हती.

कायद्याची गंमत बघा. २०२२ च्या दुरुस्तीनं महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत, सुरुवातीला आणि इतर भाषांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहिणं बंधनकारक झालं. कंपनी कायदा २०१३ म्हणतो की कार्यालयाबाहेरच्या फलकावर कंपनीचं नाव त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही हवं. वेबसाइटवरून धंदा करणाऱ्या कंपनीनं मुखपृष्ठावर नाव, नोंदणीकृत पत्ता, नोंदणी क्रमांक, फोन वगैरे द्यावं असा नियम आहे, पण कुठल्या लिपीत आणि कुठल्या कोपऱ्यात, यावर तो काही म्हणत नाही. मार्केट यार्डातल्या पाटीवर मराठी पहिली आणि त्याच दुकानाच्या डाव्या कोपऱ्यात इंग्रजी पहिली, हे दोन्ही एकाच मालकाच्या घरात सुखानं नांदतात.

आणि ॥ श्री ॥ चं काय? ते कोपऱ्यात का बसलं नाही? माझं मत असं, अजून सिद्ध व्हायचं आहे: लोगोच्या जागेला मालक लागतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उदबत्तीच्या एका खटल्यात सांगितलं की 'रामायण' या पवित्र ग्रंथाच्या नावावर कुणी एकटा हक्क सांगू शकत नाही. जे सगळ्यांचं ते ब्रँड होत नाही. पट्टीच्या माथ्यावर ते चालत होतं, कारण तिथं हक्क सांगायचा नव्हता, साक्षीला ठेवायचं होतं.

असंच बिनमालकाचं पण जबरदस्त नाव म्हणजे 'लातूर पॅटर्न'. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्याशी ते जोडलं जातं, पण आज क्लासेसच्या जाहिरातीत लोगोशेजारी ते कुणीही लिहितो. उलट टोकाला भौगोलिक मानांकन: २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना ते मिळालं. तिथं नाव गावाचं आणि हक्क ठरावीक उत्पादकांचा. यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

त्या डाळ मिलचा २००४ चा लोगो मला शेवटी मिळाला. वेबवर नाही. मी परत तिथं गेले तेव्हा मुनीमजींनी बसायला जुनी गोणी झटकून टाकली. उलटी केली तर मागं निळ्या शाईत बैलजोडी, खाली मराठीत मिलचं नाव, आणि त्याखाली वेबसाइटचा पत्ता. म्हणजे वेबसाइट सुरू झाल्यावरही मार्का बैलाचाच होता. माझा सिद्धांत गोणीवरच संपला. मी विचारलं, अशा आणखी आहेत का? ते म्हणाले, "ताई, दिवाळीच्या साफसफाईत सगळं गेलं. बिलबुकंसुद्धा रद्दीत." मी गोणी मागितली. त्यांनी हसून दिली, वर चहाही पाजला.

ती आता माझ्या कपाटात आहे. फोटो काढताना पूर्ण गोणीचा काढलाय, फक्त बैलाचा नाही. कडा, शिवण, शाई कुठं फाकली आहे, पत्ता मार्क्यापासून किती बोटं खाली आहे, सगळं. तुमच्या घरी किंवा मामाच्या दुकानात जुनी पट्टी, कापडी पिशवी, बिलबुक असेल तर तुम्हीही तसाच काढा, आणि मागं तारीख असेल तर तीही. यंदाची साफसफाई व्हायच्या आत.